ट्यूनिंगसाठी परवडणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर: पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

जुने_इंजिन (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे 1.6 लिटरचे, चार सिलिंडरचे, टर्बो नसलेले जुने पेट्रोल इंजिन आहे. त्याचा कार्बोरेटर काढून मी चार इंजेक्टर आणि स्पीडुइनो हा मुक्तस्रोत ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बसवला आहे. इंजिन सुरू होते आणि आयडललाही बऱ्यापैकी चालते. परंतु फ्युएल टेबल (कोणत्या वेगाला आणि भाराला किती इंधन द्यायचे याचा तक्ता) भरण्याचे काम सध्या निव्वळ अंदाजाने चालले आहे. एक्झॉस्टमध्ये भंगारातून काढलेला चार तारांचा नॅरोबँड सेन्सर आहे. आयडलला त्याचे व्होल्टेज 0.1 आणि 0.9 यांच्या दरम्यान उड्या मारत राहते, आणि पूर्ण थ्रॉटल दिला की 0.88 च्या आसपास जाऊन बसते. त्यावरून मिश्रण रिच (इंधन जास्त) आहे एवढे कळते, पण त्याचा एएफआर, म्हणजे एक भाग इंधनामागे हवेचे भाग, 13 आहे की 11, हे मात्र कळत नाही.

वाइडबँड घ्यायचा हे ठरले आहे, पण हात आखडता आहे. शोध घेतला तर नुसता सेन्सर, सेन्सरसह कंट्रोलर, आणि डॅशबोर्डवरच्या गेजसह संपूर्ण संच असे तीन प्रकार दिसतात. त्यांच्या किमतींतील तफावत इतकी आहे की कशासाठी जास्त मोजावे लागते आहे तेच उमगत नाही. नुसता सेन्सर घेऊन तो ईसीयूला थेट जोडता येईल का? बॉशच्या एलएसयू 4.2 आणि 4.9 या सेन्सरांतील कोणता घ्यावा? आणि वापरलेला सेन्सर घेणे कितपत शहाणपणाचे आहे?

पंपसेल

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे, आणि त्याचे कारण समजले की किमतींचे कोडेही बरेचसे सुटते.

नॅरोबँड सेन्सर स्वतःच व्होल्टेज निर्माण करतो. ईसीयूने ते फक्त वाचायचे असते. वाइडबँडमध्ये मात्र दोन पेशी असतात. एका बारीक कप्प्यात धूर शिरतो. त्या कप्प्याला लागून असलेली नर्न्स्ट पेशी आपल्या नॅरोबँडसारखीच वागते, तर दुसरी पंप पेशी विद्युत प्रवाहाच्या दिशेनुसार त्या कप्प्यात ऑक्सिजन आणते किंवा तेथून बाहेर काढते. नर्न्स्ट पेशीचे व्होल्टेज सतत 450 मिलिव्होल्टवर राहील इतकाच पंप प्रवाह देत राहणे हे कंट्रोलरचे काम आहे. तो प्रवाह किती लागला यावरून मिश्रण कळते: लॅम्डा 1 (हवा आणि इंधन अगदी आदर्श प्रमाणात) असताना प्रवाह शून्य, लीन (हवा जास्त) बाजूला धन आणि रिच बाजूला ऋण. याशिवाय 4.9 मधील पेशीचे तापमान सुमारे 780 अंश सेल्सिअसवर धरून ठेवावे लागते आणि त्यासाठी पेशीचा अंतर्गत रोध 300 ओहम राहील अशा बेताने हीटर चालवावा लागतो. एवढे सगळे स्पीडुइनोच्या एका अ‍ॅनालॉग पिनकडून होणार नाही, म्हणून कंट्रोलर हवाच.

आता पैशांचे. बाजारातील बहुतेक संचांत सेन्सर बॉशचा एलएसयू 4.9 हाच असतो. म्हणजे महाग आणि स्वस्त संचांतील फरक सेन्सरचा नसून कंट्रोलर, गेज, केबल आणि नाव यांचा असतो. आपण लॅपटॉप जोडूनच ट्यूनिंग करणार असाल तर गोल गेजची गरज नाही, कारण तोच आकडा ट्यूनरस्टुडिओ या ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसेल आणि शिवाय लॉगमध्ये नोंदला जाईल. गेज सोडून दिला की खर्चाचा मोठा भाग तिथेच वाचतो. फोर्टीनपॉइंटसेव्हनचा स्पार्टन किंवा इनोव्हेटचा एलसी-2 हे अशाच बिनगेजच्या वर्गातले आहेत. एईएमचा एक्स-सिरीज गेजसह येतो. तो उत्तम आहे, पण आपल्या कामापुरता तो चैनीत मोडतो.

4.2 की 4.9, यात माझे मत स्पष्ट आहे: नवे घेत असाल तर 4.9. जुन्या 4.2 ला संदर्भासाठी बाहेरची हवा लागते आणि ती तारांच्या वेष्टनातून आत जाते, त्यामुळे तेथील हवा दूषित झाली की वाचन सरकते. 4.9 स्वतःचा संदर्भ ऑक्सिजन पंप करून घेतो. ज्यांच्याकडे 4.2 चा चांगला कंट्रोलर आधीपासूनच आहे त्यांनी तो टाकून देण्याचे कारण नाही. मात्र दोन्ही सेन्सर एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे विसरू नये.

ओली_नळी

वरील विवेचनाशी सहमत आहे. सेन्सर बसवण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण मी स्वतः एक सेन्सर अवघ्या दोन आठवड्यांत गमावला आहे.

इग्निशन चालू ठेवून लॅपटॉपवर अर्धा-अर्धा तास सेटिंग करत बसायची मला सवय होती. त्या वेळात सेन्सरचा हीटर लालभडक होऊन बसलेला असे आणि रात्रभरात नळीत साचलेले पाणी तसेच पडून असे. मग इंजिन सुरू केले की पहिल्याच फटक्यात ते पाण्याचे थेंब तापलेल्या सिरॅमिकवर जात. एके सकाळी असाच बारीक तडा गेला आणि वाचन कायमचे लीन टोकाला चिकटले. तेव्हापासून कंट्रोलरचा पुरवठा मी फ्युएल पंपाच्या रिलेकडून चालू होणाऱ्या वेगळ्या रिलेवर घेतला आहे, म्हणजे इंजिन फिरल्याशिवाय हीटर तापतच नाही. सुरुवातीची दोन सेकंदे पंप प्राइम होतो, तेवढ्याने काही बिघडत नाही.

याच कारणासाठी सेन्सर नळीच्या तळाशी कधीही लावू नये. आडव्या रेषेपेक्षा किमान 10 अंश वर, टोक खाली झुकलेले असे बसवावे. चार नळ्या जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी ही योग्य जागा. सायलेन्सरच्या शेवटाजवळ लावल्यास आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडा फसवा येतो. आटे एम 18 गुणिले 1.5 असे असतात आणि ते नॅरोबँडचेच आहेत, त्यामुळे आपल्या सध्याच्या सेन्सरची जागा ठीक असेल तर नवीन बंग (सेन्सर बसवायचे आट्यांचे कडे) वेल्ड करावा लागणार नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: सेन्सर बसवून ठेवायचा आणि कंट्रोलर बंद ठेवून इंजिन चालवायचे, असे करू नये. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो मरतो.

जुने_इंजिन

दोघांचेही मनापासून आभार. बिनगेजचा कंट्रोलर घेण्याचे जवळपास ठरले. वापरलेल्या सेन्सरबद्दलचा प्रश्न अजून उरला आहे. मला एका ठिकाणी नवाकोरा म्हणून सांगितलेला 4.9 सेन्सर नेहमीच्या दराच्या निम्म्याहून कमी दरात मिळतो आहे. तो घ्यावा का?

साडेचौदा

घेऊ नका. कंट्रोलर वापरलेला चालेल, सेन्सर नवा आणि खात्रीच्या ठिकाणचाच असावा. मी हा धडा पैसे भरून शिकलो आहे.

मी घेतलेल्या स्वस्त सेन्सरवर खोके, बोधचिन्ह, 0 258 017 025 हा क्रमांक असे सगळे हुबेहूब होते. कनेक्टर हातात घेऊन पाहिल्यावर मात्र शंका आली. खऱ्या 4.9 मध्ये सेन्सरकडून पाच तारा येतात, पण कनेक्टरला सहा पिना असतात. सहाव्या पिनेचा संबंध कनेक्टरच्या आत बसवलेल्या एका छोट्या रोधाशी असतो. प्रत्येक सेन्सर कारखान्यात मोजून त्याचा रोध लेसरने छाटलेला असतो, आणि तो वाचूनच कंट्रोलर त्या विशिष्ट सेन्सरची दुरुस्ती लावून घेतो. म्हणून कनेक्टर कापून तारा थेट जोडण्याचा मोह कोणी करू नये. कनेक्टर गेला की सेन्सरची जन्मपत्रिकाच गेली. माझ्या त्या सेन्सरमध्ये रोध होता, पण दुसरा मागवला तर त्यातही अगदी तोच रोध निघाला. दोन्ही सेन्सर मोकळ्या हवेत धरले. तिथे 20.9 टक्के ऑक्सिजन दिसायला हवा. एकाने 19 च्या खाली दाखवला आणि दुसऱ्याने 22 च्या वर.

अशा सेन्सरचा खरा धोका असा की तो बंद पडत नाही. तो आत्मविश्वासाने चुकीचा आकडा देतो. पूर्ण थ्रॉटलला 12.8 दिसत असताना प्रत्यक्षात 14 असेल, तर पिस्टनची किंमत सेन्सरपेक्षा नक्कीच जास्त आहे.

कॅलिब्रेशनबद्दलही एक सांगतो. काही कंट्रोलर, उदाहरणार्थ एलसी-2, मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावे लागतात. काही केवळ त्या रोधावर विसंबतात. मला पहिली पद्धत जास्त आवडते, कारण सेन्सर जुना होत जाईल तशी चूक काढून टाकता येते. मात्र ते करताना सेन्सर खरोखर नळीबाहेर काढावा लागतो, आणि गॅरेजमध्ये दुसरे इंजिन धूर सोडत असताना केलेले कॅलिब्रेशन काही कामाचे नसते.

पंपसेल

मोकळ्या हवेच्या कॅलिब्रेशनबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. नवशिक्याकडून ते चुकीच्या हवेत होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून पहिल्या संचासाठी रोधावर चालणारा कंट्रोलर मला बरा वाटतो. सेन्सर ठीक आहे की नाही हे तपासण्याचा रोजचा मार्गही आहे: उतारावर गिअरमध्ये पाय काढला आणि ईसीयूने इंधन तोडले की वाचन झटकन लीन टोकाला गेले पाहिजे. रेंगाळत गेले तर सेन्सर थकला आहे, असे समजावे.

मायनस_टर्मिनल

सगळे सेन्सरविषयी बोलत आहेत, पण या कामात सर्वाधिक वेळ जातो तो अर्थिंगमध्ये. स्पीडुइनोला आपण 0 ते 5 व्होल्टचा अ‍ॅनालॉग सिग्नल देणार आहात. समजा कंट्रोलरचे आउटपुट 0 व्होल्टला 10 आणि 5 व्होल्टला 20 असे आहे. म्हणजे एका व्होल्टला 2 एएफआर. हीटर अडीच-तीन अँपिअर ओढतो आणि तो प्रवाह ज्या काळ्या तारेने परत जातो त्याच तारेवर सिग्नलचे अर्थिंग असेल, तर त्या तारेवर सहज 0.15 व्होल्ट पडतात. ईसीयूला ते सिग्नलमध्ये मिळवलेले दिसतात आणि 12.8 चे 13.1 होते. आपण बिचारे इंधन वाढवत बसतो.

मल्टिमीटरची एक टोकणी कंट्रोलरच्या अर्थिंगवर आणि दुसरी ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडवर ठेवून, हीटर तापत असताना वाचन घ्यावे. ते काही मिलिव्होल्टच्या वर जाता कामा नये. ज्या कंट्रोलरला हीटरची आणि इलेक्ट्रॉनिक्सची अशा दोन वेगळ्या अर्थिंग तारा असतात, त्यांपैकी पहिली इंजिन ब्लॉकवर आणि दुसरी ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडवर न्यावी. मी तर कंट्रोलर निवडताना हाच निकष पहिला लावतो. ज्या ईसीयूला कॅनवरून (गाडीतील डिजिटल संदेशवाहिनी) किंवा सीरियलवरून वाचन घेता येते त्यांच्याबाबतीत ही कटकटच राहत नाही, कारण तिथे व्होल्टेज नव्हे, आकडाच प्रवास करतो.

ट्यूनरस्टुडिओत कॅलिब्रेशन निवडताना आपल्या कंट्रोलरचीच रेषा निवडली आहे ना, हे दोनदा पाहावे. एईएमच्या गेजची रेषा 0.5 व्होल्टला 8.5 आणि 4.5 व्होल्टला 18 अशी आहे. इनोव्हेटची मूळ रेषा 0 व्होल्टला 7.35 आणि 5 व्होल्टला 22.39 अशी. एईएमच्या सिग्नलला इनोव्हेटची रेषा लावली तर 14.7 चे जवळपास 16.7 दिसते, आणि पूर्ण थ्रॉटललाही आकडा एकापेक्षा जास्त एएफआरने चुकतो.

ओली_नळी

आकडे वाचण्याबद्दल एक राहिलेच. सेन्सर इंधन मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली तर तिथला न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि मिश्रण रिच असूनही वाचन लीन येते. सेन्सरच्या आधी गॅस्केट गळत असेल तरीही तेच. आयडलला आकडा 16-17 आणि प्लग मात्र काळे, असे दिसले तर टेबलला हात लावण्याआधी गळती आणि इग्निशन तपासा.

शक्य असेल तर वाचन एएफआरऐवजी लॅम्डामध्ये ठेवावे. बहुतेक कंट्रोलर लॅम्डाला 14.7 ने गुणून दाखवतात, मग टाकीत काहीही असो. 10 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे खरे आदर्श प्रमाण 14.1 च्या जवळ असते, तरी गेज तिथे 14.7 च दाखवतो. लॅम्डा 1 म्हणजे लॅम्डा 1. आपल्यासारख्या बिनटर्बो इंजिनाला पूर्ण थ्रॉटलला 0.86 ते 0.88 पासून सुरुवात करणे सुरक्षित ठरेल.

जुने_इंजिन

कालच्या रविवारी काम उरकले, म्हणून कळवतो. कंट्रोलर वापरलेला घेतला, दोन अर्थिंग तारांचा. सेन्सर नवा, पाच तारा आणि सहा पिना मोजून. मोकळ्या हवेत 20.9 दिसले. हीटर तापत असताना अर्थिंगमधील फरक पहिल्यांदा 110 मिलिव्होल्ट निघाला. इलेक्ट्रॉनिक्सची तार ब्लॉकवरून काढून सेन्सर ग्राउंडवर नेल्यावर तो 4 वर आला.

आयडलला मात्र लॅम्डा 1.12 दिसत होता आणि प्लग काळे होते. सल्ल्याप्रमाणे टेबलला हात न लावता हेडरच्या जोडावर साबणाचे पाणी मारले आणि व्हॅक्यूम क्लीनरची हवा सायलेन्सरमध्ये उलटी सोडली. तिसऱ्या सिलिंडरच्या गॅस्केटवर फुगे आले. गॅस्केट बदलल्यावर तेच टेबल, तोच आयडल, आणि लॅम्डा 0.91.