इंग्लंड : कॉन्झर्व्हेशन एरियातलं घर पाडून नवं बांधायला परवानगी मिळते का?

मोगरा :
सरेमध्ये आम्ही १९३०च्या सुमाराचं एक दुमजली, सुटं घर घेतलंय. घर लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतलं, नाही, पण गल्ली कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायचं ठरवलेल्या भागात येते. मागच्या भिंतींना ओल आहे, जिना उभा आहे आणि सासूबाईंना खाली खोली व बाथरूम हवीच. आर्किटेक्ट म्हणतो, पाडून नवं बांधा. नव्या घराच्या बांधकामाला व्हॅट शून्य, दुरुस्तीला २० टक्के. शेजारचे आजोबा म्हणतात, इथे पाडूच देत नाहीत. खरं काय?

करवंद :
दोघांचंही अर्धंच खरं आहे. परवानगी मिळू शकते, पण पूर्ण अर्जाआधी कौन्सिलचा प्री-अ‍ॅप, म्हणजे अर्जपूर्व सल्ला घ्या. फी पडते, तरी वाया जात नाही. आणि शून्य व्हॅटसाठी जुनं घर साधारणपणे जमिनीपर्यंत पाडावं लागतं. चार भिंती ठेवून आतून नवं केलं तर ते धरत नाहीत.

तिठा :
मी बरीच वर्षं एका कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात होते, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हॅटचं गणित आत्ता बाजूला ठेवा. आधी कौन्सिलच्या वेबसाइटवर तुमच्या भागाचं कॅरेक्टर अप्रेझल (भागात जपण्यासारखं काय आहे याचा अहवाल) शोधा. त्यातल्या नकाशात बहुधा घरं रंगवलेली असतात. तुमचं घर भागाच्या रूपात भर घालणारं म्हणून दाखवलं असेल, तर पाडायला परवानगी मिळणं फार अवघड. तसं नसेल तर बोलायला जागा आहे. लिस्टेड इमारती व कॉन्झर्व्हेशन एरियांच्या १९९०च्या कायद्याच्या ७२व्या कलमानुसार त्या भागाचं रूप जपण्याकडे किंवा खुलवण्याकडे अधिकाऱ्याला विशेष लक्ष द्यावंच लागतं. नुसत्या ओलीवर अर्ज टिकत नाही, कारण ओल दुरुस्त होते.

नवं घर मांडायचं झालंच, तर दोन्हीकडच्या शेजारघरांसकट रस्त्याचं ड्रॉइंग द्या. छपराची उंची, धुरांडी, रस्त्यापासूनचं अंतर, पुढची हिरवी कुंपणं हे सगळं त्यात एका नजरेत दिसतं. पुढची बाग काढून तिथे दोन गाड्यांची फरसबंदी दाखवलेली ड्रॉइंगं मी खूप पाहिली. हरकती तिथेच सुरू होतात.

परवानगीशिवाय पाडायला हात लावू नका, तो फौजदारी गुन्हा आहे. वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे; छपरात ती असण्याची शक्यता असेल तर संध्याकाळची पाहणी मे ते सप्टेंबरमध्येच होते. तो हंगाम चुकला की पुढचा उन्हाळा. जमिनीपासून दीड मीटरवर ७५ मिलिमीटरहून जाड खोडाचं झाड तोडायचं किंवा छाटायचं तरी कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

मोगरा :
मनापासून आभार! नकाशा पाहिला. आमचं घर रंगवलेलं आहे. आता?

तिठा :
मग पाडायचा विचार सोडा, असंच मी सांगेन. अशा गल्ल्यांतलं एकेक घर जात राहिलं की गल्लीच उरत नाही, आणि ती राहावी असं मला फार वाटतं. सासूबाईंची सोय मागे करा. सुट्या घराला मागच्या बाजूने चार मीटरपर्यंत बैठी वाढ कॉन्झर्व्हेशन एरियातही बऱ्याचदा वेगळ्या अर्जाशिवाय करता येते. मात्र आर्टिकल ४ (अर्जाशिवाय बांधायची ही सूट काढून घेणारा कौन्सिलचा आदेश) लागू आहे का, आधीच्या मालकाने मागे काही वाढवलंय का, हे तपासा. बाजूने किंवा दुमजली वाढवायचं तर अर्ज हवाच. काम सुरू करण्याआधी लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट (बांधकाम नियमात बसतं असा कौन्सिलचा दाखला) काढून ठेवा, पुढे घर विकताना वकील मागतात.

मागच्या बाजूची मापं इथे टाका, सांगते काय बसेल ते.