उंबऱ्यामागे दीड हजार : दान सक्तीचं असावं का?

तापीकाठ (चोपडा)
मंडळी, आमच्या गावात विठ्ठल मंदिराच्या सभामंडपासाठी बैठकीत ठरलं, उंबऱ्यामागे दीड हजार. राहिलेल्यांची नावं संध्याकाळी भोंग्यावर वाचायची. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका आक्कांचं नाव पुकारलं. नवरा नाही, शेत नाही, कापूस वेचून घर चालवतात. यंदा वेचणी किलोला दहा रुपये, म्हणजे दीडशे किलो कापूस, चार-पाच दिवसांची मजुरी. सकाळी त्या मंदिरापुढे उभ्या राहून पदराची गाठ सोडून दहा-वीसच्या नोटा मोजत होत्या. बोटांवर बोंडांचे ओरखडे. त्यातले पाचशे शेजारणीकडून उसने आणलेले. चाळीस एकर बागायतवाल्यानेही दीडच हजार दिले. याला मी दान म्हणत नाही, ही वसुली झाली. द्यायचं तर मनापासून, नाहीतर मागू नये.

केळीवाला (रावेर)
भाऊ, भोंगा वाईटच. पण सक्तीच नको, हे पटत नाही. आमच्याकडे नाला खोल करायचा होता. पहिल्या वर्षी ‘ज्याची जशी इच्छा’ म्हणालो. अकरा जणांनी दिले, पाणी मात्र सगळ्यांच्या विहिरींना वाढलं. त्या अकरांपैकी दोघे दुसऱ्या वर्षी म्हणाले, आम्हीच का? मग एकरी रक्कम ठरवली आणि काम पुढे गेलं. मनावर सोडलं की भला माणूस भरडला जातो.

निवृत्त शिक्षक (अमळनेर)
आमच्या गावाकडे बघा. गिरणीमालक प्रतापशेठांनी शिक्षणासाठी दिलं, 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. त्यांच्याच नावाच्या शाळेत साने गुरुजी शिकवत होते. कुठल्या कायद्याने द्यायला लावलं? विनोबांनीही 1951 पासून पायी फिरून जमीन मागितली, हिसकावली नाही. सक्ती आली की देणाऱ्याच्या मनात पाझर उरत नाही.

सातपुड्याचा (शहादा)
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मागून मिळण्याची वाट आम्ही किती पिढ्या बघायची? आमच्या भागात कर्जापायी आदिवासींच्या जमिनी गेल्या. कुणाच्या मनाला पाझर फुटून त्या परत आल्या नाहीत. आमचे आदिवासी पुढारी अंबरसिंग महाराज उभे राहिले, 1972 पासून श्रमिक संघटना लढली, 1974 चा जमीन परत करण्याचा कायदा झाला, तेव्हा कुठे दार उघडलं.
दुसरं. तुमच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे व्यवसाय कर कापला जायचा, आठवतं? 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी 1975 साली तो बसवला. सक्तीचाच होता. माझ्या आईने हमीवर खडी फोडली, मस्टरवर अंगठा दिला, पैसे घेतले. कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत. दान घेतलं असतं तर जोडावे लागले असते.

निवृत्त शिक्षक (अमळनेर)
हे मात्र मान्य. पण तो कर झाला. कराला कर म्हणा, दानाचं नाव देऊ नका.

कोरडवाहू (धरणगाव)
नावाचंच म्हणाल तर ऐका. आजोबा सांगायचे, माल विकला की व्यापारी हिशोबपट्टीत हमाली, तोलाई आणि खाली धर्मादाय कापायचा. पैसा शेतकऱ्याचा, धर्मशाळेच्या दगडावर नाव व्यापाऱ्याचं. पुढे बाजार समितीच्या नियमांनी धर्मादायासारख्या कपाती बंद केल्या. म्हणून माझं मत सक्तीच्या विरोधातच. वरून सक्ती झाली की ती खालच्याच मानेवर बसते.

जंक्शनवाला (भुसावळ)
दादा, तशी बसू न देताही सक्ती करता येते. आमच्या मुसलमानांत जकात, म्हणजे धर्माने ठरवून दिलेलं दान, फर्ज आहे, सक्तीचंच. पण आधी निसाब, म्हणजे किमान मालमत्तेची मर्यादा बघतात, साडेबावन्न तोळे चांदीची किंमत. गरजा आणि कर्ज वजा जाऊन तेवढी मालमत्ता चांद्र वर्षभर हातात राहिली, तरच त्यावर अडीच टक्के. त्याखालच्या माणसाकडे मागायचंच नाही, उलट घेण्याचा हक्क त्याचा. मनात येईल ते सदका म्हणून वेगळं द्या. चोपड्याच्या त्या आक्का आमच्या हिशोबात देणाऱ्यांच्या यादीत आल्याच नसत्या.

तापीकाठ (चोपडा)
भुसावळकर, तुमचं वाचून थांबलो. ‘मनापासून, नाहीतर मागू नये’ हे मी रागात लिहिलं होतं. चाळीस एकरवाल्याला मनावर सोडलं तर तो शंभराचीच पावती फाडेल, हे मलाही माहीत आहे. पुढच्या बैठकीत एकरावर आकारणी मांडतो आणि भूमिहीनांची नावं यादीतून काढायला लावतो.

वहीवाला (त्याच गावचा)
भाऊ, वही माझ्याच हातात होती. भोंग्यावर नावं वाचायला मी हो म्हणालो, ही माझी चूक. पण आक्कांचं नाव काढायच्या आधी एक ऐक. पैसे देऊन त्या गेल्या नाहीत. वाकून वहीत बघत म्हणाल्या, ‘‘मन्हं नाव लिखं ना?’’ मी ओळीवर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा पदर सावरून घरी गेल्या. रक्कम काढ, आकारणी काढ. नाव राहू दे. पुढे काय आणि किती लिहायचं, ते त्यांना विचारू.

तापीकाठ (चोपडा)
विचारतो. आधी शेजारणीचे पाचशे परत करायची सोय बघू. सकाळी तू पण चल.