मुलांच्या टीव्हीवर धडपडून हसवणाऱ्या नटाचे आयुष्य निघते काय?

अर्जुनीकर
नमस्कार मंडळी. माझा भाचा बावीस वर्षांचा असून तीन वर्षांपासून वडशाच्या एका नाटक कंपनीत विनोदी भूमिका करतो. मागच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, तो डोक्यावर धानाचा भारा घेऊन बाजेवरून असा काही कोसळला, की पुढे बसलेली पोरे हसून लोळली आणि पेटीमास्तरांचाही सूर सुटला. तेव्हापासून मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांत हेच काम करायचे, असे त्याने मनावर घेतले आहे. त्याच्या आईला मात्र, अंगातली चपळाई ओसरली की सारे संपेल, ही धास्ती वाटते. निव्वळ पडून-आपटून मुलांना हसवणाऱ्या कोणी टीव्हीवर दीर्घकाळ काम केले आहे काय, आणि केले असल्यास कशाच्या बळावर, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भंडाऱ्याचा मास्तर
भाऊ, एक उदाहरण मला चांगले ठाऊक आहे, पण ते विलायतेतले आहे. रॉदरहॅम गावचे बॅरी आणि पॉल इलियट हे सख्खे भाऊ ‘चकल ब्रदर्स’ या नावाने काम करत. १९६७ आणि १९७४ साली टीव्हीवरच्या गुणदर्शन स्पर्धा जिंकूनही त्यांना स्वतःच्या मोठ्या कार्यक्रमासाठी बरीच वाट पाहावी लागली. बीबीसीवर ‘चकलव्हिजन’ सुरू झाले ते १९८७ साली, म्हणजे बॅरी ४२ वर्षांचे आणि पॉल ३९ वर्षांचे असताना. ताईंना हे आवर्जून सांगा. तो कार्यक्रम २००९ पर्यंत चालला आणि त्याचे २९२ भाग झाले. दोघांनी एखादे जड सामान उचलायचे, ‘माझ्याकडे, तुझ्याकडे’ अशा अर्थाचे दोन शब्द आळीपाळीने म्हणत ते हलवायचे आणि शेवटी सगळा घोळ करून ठेवायचा, एवढ्यावर तिथल्या मुलांची पिढी हसली. त्यांचे दोन थोरले भाऊही त्यात काम करत, वडीलही विनोदी नटच होते. टीव्हीवर नाव झाल्यावरही नाताळातली मुलांची नाटके आणि रंगमंचाचे दौरे त्यांनी सोडले नाहीत. माझ्या मते त्यांच्या टिकण्याचे खरे कारण हेच आहे, कारण प्रेक्षक कुठे हसतो हे त्यांना रंगमंचावरच कळत होते.

जुना गमत्या, कुरखेडा
मास्तरांचे म्हणणे मला पूर्ण पटते. मी खडी गंमत (आपल्याकडचा तमाशासारखा लोकनाट्यप्रकार) आणि नाटक दोन्हींत पंचवीस वर्षे पडलो आहे, म्हणून पडण्याविषयी लिहितो. पडताना तळहात टेकवून अंग सावरण्याचा मोह होतो. त्या मोहापायी माझे डावे मनगट एकदा मोडले आणि ऐन शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत मी घरी बसलो. हनुवटी छातीशी घ्यावी, श्वास सोडावा आणि पोटरी, मांडी, कुल्ला, मग पाठीची एक बाजू या क्रमाने जमिनीला लागावे, म्हणजे मार एका जागी बसत नाही. थापड खाणाऱ्यानेच प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेताने टाळी वाजवायची असते. एवढे साधले तर चाळिशीनंतरही पडता येते, मात्र जोडीदार विश्वासाचा हवा, कारण भारा कधी सोडायचा हे त्याच्या हाती असते. कॅमेऱ्यापुढे समोर हसणारे कोणी नसते, आणि तोच प्रवेश चार-चारदा द्यावा लागतो. त्याची सवय भाच्याने आतापासून करावी. विहीर, दोर, विस्तव यांच्याशी खेळणारे विनोद मुलांसाठी मुळीच करू नयेत, कारण ती दुसऱ्या दिवशी घरी तेच करून पाहतात.

ताईंना आणखी एक सांगावे. आपल्या झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातले, नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

अर्जुनीकर
दोघांचाही फार आभारी आहे. भारा धरणारा त्याचा जोडीदार शेजारच्याच घरचा आहे, दोघे लहानपणापासून सोबत आहेत. दिवाळी ते होळी कंपनी सोडायची नाही आणि पावसाळ्यात दोघांनी मिळून मुंबईला चाचणी द्यायची, असे काल रात्री बहिणीसमोर बसून ठरवले. तिने अद्याप होकार दिलेला नाही, पण मनगटाची गोष्ट मात्र तिने पुन्हा वाचून घेतली.