दुधाच्या पिशवीवरचा एक रुपया: दंड फक्त दुकानदारालाच का?

कळव्याचा दुकानदार:
मागच्या आठवड्यात आमच्याकडे वजनमापवाले येऊन गेले. अर्ध्या लिटरच्या पिशवीमागे एक रुपया कूलिंगचा घेतला, म्हणून दंड. घेतला होता, नाकारत नाही. पण हिशेब बघा. पहाटे साडेचारला क्रेट उतरवायचे, फ्रीज रात्रंदिवस चालू, लाइटबिल व्यापारी दराने, आणि कोपऱ्याने फुटलेली पिशवी माझ्याच माथी. एमआरपी सरकार ठरवत नाही, कंपनी ठरवते. आमचं कमिशनही कंपनीच ठरवते. सरकारी माणूस मात्र माझ्याच गल्ल्यापाशी उभा राहतो. हॉटेलात पाण्याची बाटली छापील किमतीच्या वर विकता येते, सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं, कारण तिथे बाटलीसोबत सेवाही असते. मग माझा फ्रीज म्हणजे सेवा नाही का?

विटाव्याची ताई:
दादा, तुमची दगदग दिसते. पण हॉटेलात मी वर्षातून दोनदा जाते, तेही हौसेने. दूध रोज लागतं. दिवसाला दोन पिशव्या धरल्या तर महिन्याचे साठ रुपये झाले. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांत स्पष्ट आहे, छापील किमतीच्या वर विकायचं नाही. कूलिंगची सूट त्यात कुठेच नाही. परवा माझी मुलगी मोजून पैसे घेऊन गेली होती. रुपया कमी पडला म्हणून रिकाम्या हाताने परत आली, पावसात. तुमच्या दुकानातून नव्हे, पण अशाच एका दुकानातून.

आधी मेडिकलमध्ये होतो:
मी दादांच्या बाजूने. मार्च २०२० मध्ये केंद्राने तीन पदरी मास्कला १० रुपये आणि २०० मिलि सॅनिटायझरला १०० रुपये कमाल दर लावला. आम्हाला घाऊकवाला त्याहून महाग देत होता. विकलं तर गुन्हा, नाही विकलं तर गिऱ्हाईक शिव्या घालणार. शेवटी आम्ही मास्क ठेवणंच बंद केलं. वरून तपासणी व्हायला हवी होती, झाली काउंटरवर.

विटाव्याची ताई:
पण तो दर लावलाच नसता, तर तेव्हा मास्क आम्हाला कितीला पडला असता? वरही तपासा, माझं काहीच म्हणणं नाही. म्हणून काउंटर सोडून द्यायचं का?

कळव्याचा दुकानदार:
ताई, मुलीचं वाचून वाईट वाटलं. रुपयासाठी मी पोराला परत पाठवत नाही, वहीत मांडतो. पण कमिशनचं बोला ना कोणीतरी.

विटाव्याची ताई:
बोलते. कमिशन वाढवायचा अर्ज कंपनीला द्या, सोसायटीतल्या पन्नास सह्या मी आणते. तोवर तो रुपया घेऊ नका.