हदीस आणि कुराणावरचं आधुनिक संशोधन : वाचायला कुठून घ्यावं? (सल्ला हवा)

वाचनकट्टा

नमस्कार मंडळी.

सोलापुरात आमचा छोटा वाचनगट आहे. मागच्या बैठकीत तिहेरी तलाकचा विषय निघाला. एकाने मोबाइलवर हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची परंपरेने आलेली नोंद) वाचून दाखवली की पैगंबरांच्या काळात एका दमात दिलेले तीन तलाक एकच धरले जात. दुसरीने लगेच दुसरा दाखला काढला, त्यात तीन म्हणजे तीनच. दोन्हींखाली मोठमोठ्या ग्रंथांची नावं. मग एक जण म्हणाला, "हदीस सगळ्या दोनशे वर्षांनी रचलेल्या आहेत, सोडून द्या." दुसरा म्हणाला, "सहीह (म्हणजे विश्वसनीय) ग्रंथात आहे, विषय संपला." मला यातलं एकही उत्तर पटलं नाही. या दोन दाखल्यांत निवाडा कसा करतात, अभ्यासक नेमकं काय तपासतात, हे समजून घ्यायचं आहे.

अरबी येत नाही. उर्दू ऐकून कळतं, वाचता येत नाही. इंग्रजी चालेल, मराठीत काही असेल तर फारच छान. गटात मुस्लिम मैत्रिणीही आहेत, त्यामुळे कुणाची खोडी काढणारं किंवा नुसता प्रचार करणारं साहित्य नको. वाद जिंकायचा नाही, शिकायचं आहे.

माणदेशी

जोनाथन ब्राउन यांचं हदीसवरचं पुस्तक घ्या (2009). त्यांनी जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवलं आहे, ते स्वतः मुस्लिम आहेत, आणि पाश्चात्त्य संशोधकांचे आक्षेप टाळत नाहीत. इंग्रजी सोपं आहे. सविस्तर कोणीतरी लिहीलच.

शाईचा डाग

माणदेशींना अनुमोदन. पण ताई, पुस्तकांची यादी करण्याआधी एक सुचवतो. तुमच्या बैठकीत निघालेली तीच हदीस धरा आणि तिचा माग काढा. या विषयात पुस्तकं ढीगभर आहेत, आणि वरवर चाळणाऱ्याला सगळीच पटतात. एका हदीसवर दोनतीन बैठका बसलात तर कोण काय म्हणतंय ते आपोआप कळू लागेल.

ती हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. हदीसचे दोन भाग असतात. सनद म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी, आणि मतन म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. इथली साखळी अशी : पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्याकडून ताऊस, त्यांच्याकडून त्यांचा मुलगा, त्याच्याकडून मअमर, मअमरकडून येमेनचे अब्दुर्रज्जाक, आणि मग एका पायरीने इमाम मुस्लिम, जे 875 मध्ये वारले. मतन असं की पैगंबरांच्या काळात, पहिले खलिफा अबू बक्र यांच्या काळात आणि दुसरे खलिफा उमर यांच्या खिलाफतीच्या पहिल्या दोन वर्षांत तीन तलाक म्हणजे एकच. मग उमर म्हणाले, ज्या गोष्टीत सबुरीला वाव होता तिथे लोक घाई करू लागलेत, तर तीन त्यांच्यावर लागूच करावेत. आणि त्यांनी लागू केले.

आता संशोधकांकडे वळू. 1890 मध्ये गोल्डत्सिहर या हंगेरियन विद्वानाने मांडलं की बऱ्याच हदीस म्हणजे नंतरच्या पिढ्यांतल्या वादांचे ठसे आहेत. 1950 मध्ये योझेफ शाख्त यांनी हेच इस्लामी कायद्याला लावलं. त्यांचं निरीक्षण असं : एकाच हदीसच्या सगळ्या साखळ्या गोळा केल्या तर पुष्कळदा त्या मागे जाताना एका माणसापाशी येऊन मिळतात आणि तिथून वर एकच धागा राहतो. शाख्त म्हणाले, त्या माणसाने किंवा त्याचं नाव पुढे करून कोणीतरी ती हदीस प्रचारात आणली. तुमच्या गटातलं "दोनशे वर्षांनी रचलं" हे वाक्य इथूनच, बरंच सुलभ होऊन आलेलं आहे.

हाराल्ड मोट्स्की या जर्मन अभ्यासकाने हे तपासून पाहिलं, आणि त्यासाठी त्यांनी निवडला वर आलेल्या अब्दुर्रज्जाक यांचाच 'मुसन्नफ' हा संग्रह. त्यातले इब्न जुरैज हे मक्केच्या अता या आपल्या गुरूंकडून हजारो गोष्टी सांगतात. मोट्स्कींनी पाहिलं की कुठे ते "मी अतांना विचारलं" म्हणतात, कुठे "अतांकडून कोणीतरी मला सांगितलं" म्हणतात, कुठे गुरूचं मत आपल्याला पटत नाही असंही नोंदवतात. बनावट करणारा माणूस मधला दुवा कशाला कबूल करेल? गुरूला कमकुवत का दाखवेल? यावरून त्यांनी काढलं की ही सामग्री बव्हंशी अस्सल आहे आणि ती आपल्याला हिजरी पहिल्या शतकाच्या अखेरीपर्यंत (इसवी आठव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत) मागे नेते. साखळ्या जिथे मिळतात तो माणूस, त्यांच्या मते, बहुधा पद्धतशीर शिकवणारा पहिला शिक्षक असतो. पुढे त्यांनी सनद आणि मतन एकत्र ताडून पाहायची पद्धत रुळवली. ज्यांची साखळी सारखी त्यांचे शब्दही एकमेकांच्या जवळचे आहेत का, हे त्यात बघतात. मला ही पद्धत आजवरची सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण ती प्रत्येक हदीसचा वेगळा निकाल देते.

आणि हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे कोणी सांगत नाही : मुसन्नफची 11 खंडांची छापील आवृत्ती 1970 च्या सुमारास बैरूतहून निघाली, आणि ती सिद्ध केली होती उत्तर प्रदेशातल्या मऊ या गावच्या मौलाना हबीबुर्रहमान आझमींनी. तो ग्रंथ छापून हाती आला नसता तर मोट्स्कींचं काम झालंच नसतं.

खाडीकाठचा

सलाम आणि नमस्कार. मी रत्नागिरीकडचा, घरात दीनी शिक्षणाची परंपरा आहे. शाईचा डाग यांनी छान लिहिलंय. पण एक गोष्ट राहू नये. हदीसची छाननी युरोपने सुरू केलेली नाही. रावी (हदीस सांगणारा) कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, तो गुरूला भेटला होता का, यावर आमच्या मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या विद्वानांनी, हजार वर्षांपूर्वी चरित्रकोश लिहिले. सहीह, हसन (चांगली), जईफ (कमजोर), मौजू या प्रतवाऱ्या त्यातूनच आल्या. मौजू म्हणजे बनावट, आणि बनावट हदीसचे स्वतंत्र संग्रह आमच्याच आलिमांनी केले.

म्हणून मुहम्मद मुस्तफा आझमी यांचं वाचायलाच हवं. तेही मऊचेच. देवबंद, अझहर आणि मग 1966 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट. 1968 मध्ये त्यांचा प्रबंध छापला गेला. हदीस फक्त तोंडी फिरत होत्या हा समज त्यांनी लेखी वह्यांचे दाखले देऊन खोडला आणि शाख्त यांना सविस्तर उत्तर दिलं.

दुसरं नाव हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह. हम्माम इब्न मुनब्बिह हे पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांचे शिष्य. त्यांच्या छोट्या सहीफ्याची (हदीसच्या वहीची) हस्तलिखितं हमीदुल्लाहांना बर्लिन आणि दमास्कसमध्ये मिळाली आणि 1953 मध्ये त्यांनी ती छापली. 138 हदीस. त्यांतल्या बहुतेक सगळ्या इमाम अहमद यांच्या नंतरच्या मोठ्या संग्रहात जवळपास त्याच शब्दांत सापडतात. हम्मामकडून हा सहीफा पुढे नेणारे कोण? तेच मअमर आणि तेच अब्दुर्रज्जाक.

आता तलाकच्या हदीसबद्दल. सनद सहीह असली म्हणजे विषय संपला असं आमचे फुकहा (धर्मकायद्याचे पंडित) मानत नाहीत. इब्न अब्बास यांच्या इतर शिष्यांनी त्यांचा स्वतःचा फतवा उलट, म्हणजे तीन म्हणजे तीन, असा सांगितला आहे. तुमच्या बैठकीतला दुसरा दाखला बहुधा हाच असेल. सहीह मुस्लिमचे भाष्यकार इमाम नववी यांनी असं समजावलं की पूर्वी लोक जोर देण्यासाठी शब्द तीनदा उच्चारत, मनात एकच असे. नंतर सवय बदलली. चारही सुन्नी मजहबांचं (कायद्याच्या परंपरांचं) प्रचलित मत तीनच्या बाजूने गेलं. इब्न तैमियांनी चौदाव्या शतकात एक धरला, आणि आपल्याकडचे अहले हदीस (मजहब न मानता थेट हदीसवर चालणारा पंथ) हेही एकच धरतात. म्हणजे हा मतभेद आमच्या घरातला आणि जुना आहे.

वाचनकट्टा

खाडीकाठचा भाऊ, शाईचा डाग, मनापासून आभार. हे सगळं गटात जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

आणखी एक विचारते. बायकांविषयीच्या हदीसवर स्त्री अभ्यासकांनी काय लिहिलंय? आमच्या मैत्रिणींना तेच आधी हवंय.

निशिगंध

फातिमा मर्निसी. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ. 1987 मध्ये त्यांचं पुस्तक फ्रेंचमध्ये आलं, इंग्रजी अनुवाद मिळतो, मोरोक्कोत त्यावर बंदी आली होती. "जे लोक आपला कारभार बाईच्या हाती देतात त्यांचं भलं होत नाही" या हदीसचा त्यांनी पाठपुरावा केला. ती 'सहीह बुखारी' या हदीससंग्रहात आहे. रावी अबू बक्रा (खलिफा अबू बक्र वेगळे, गल्लत करू नका). मर्निसी विचारतात, ही त्यांना आठवली कधी? बुखारीतच उत्तर आहे : जमलच्या लढाईच्या दिवसांत, 656 मध्ये, जेव्हा पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा एका बाजूचं नेतृत्व करत होत्या. म्हणजे पैगंबरांनंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी. आणि मूळ उद्गार कशावर? इराणी लोकांनी किस्राच्या (आपल्या बादशहाच्या) मुलीला गादीवर बसवल्याची बातमी आली त्यावर. एका घटनेवरचं बोलणं सगळ्या बायकांना कायमचं लागू झालं. शिवाय उमर यांच्या काळात अबू बक्रांना व्यभिचाराच्या एका खटल्यात साक्ष शाबित न झाल्यामुळे फटके बसले होते, आणि कुराण (24:4) म्हणतं अशांची साक्ष पुन्हा घेऊ नका. हे वाचताना मी थरारून गेले होते.

त्यानंतर अमीना वदूद (1992) आणि अस्मा बर्लास (2002), दोघी थेट कुराणाच्या आयतींवर काम करतात. आणि केशिया अली. त्या माझ्या सर्वांत आवडत्या, कारण आपल्याला हवा तो अर्थ निघत नाही तिथे त्या तसं स्पष्ट म्हणतात.

खाडीकाठचा

निशिगंध ताई, मर्निसींचा संदर्भाचा मुद्दा मोलाचा आहे, तो मलाही पटतो. पण फटक्यांचा मुद्दा तितका टिकत नाही. न्यायालयातली साक्ष आणि हदीसची रिवायत (ती पुढे सांगणं) यांचे नियम आलिमांनी आधीपासून वेगळे ठेवले आहेत. मर्निसींनी या फरकाला उत्तर द्यायला हवं होतं. गटात वाचाल तर दोन्ही बाजू समोर ठेवा.

निशिगंध

मान्य. तरीही तो फरक केला कोणी आणि का, हाही अभ्यासाचाच प्रश्न आहे. पण संदर्भाचा मुद्दा त्यावर अवलंबून नाही, हे तुमचं बरोबर.

अॅड. मराठवाडा

वकिली कोनातून थोडं. तलाकचा विषय घेतलाच आहे तर 2002 चा दगडू पठाण विरुद्ध रहिंबी हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातला पूर्णपीठाचा निकाल जरूर वाचा. बायको पोटगी मागते, नवरा लेखी जबाबात म्हणतो की मी तलाक दिलाय. कोर्ट म्हणालं, नुसतं म्हणून चालणार नाही; कारण दाखवा, दोन्हीकडचे मध्यस्थ बसवून समेटाचा प्रयत्न झाला का ते सिद्ध करा. ही मध्यस्थांची पायरी सरळ कुराणातली आहे, 4:35. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात अशीच भूमिका घेतली. 22 ऑगस्ट 2017 चा शायरा बानो निकाल तीन विरुद्ध दोन असा आहे. त्यात मुख्य न्यायमूर्ती खेहर यांचं अल्पमताचं निकालपत्र तुमच्या कामाचं, कारण दोन्ही पक्षांनी आणलेल्या हदीस तिथे समोर मांडल्या आहेत, आणि यांत निवड करणं कोर्टाचं काम नाही असं ते म्हणतात. निवड कोण करणार हा तुमचाच प्रश्न आहे.

आसफ फैजी यांचं 1963 चं इस्लामच्या आधुनिक विचारावरचं छोटं पुस्तकही शोधा. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. धर्म आणि कायदा वेगळे करून पाहावेत असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

शाईचा डाग

फैजींवरून फजलुर रहमान आठवले. पाकिस्तानात संशोधन संस्थेचे प्रमुख होते, 1968 मध्ये विरोधामुळे पद सोडावं लागलं, पुढे शिकागोत शिकवलं. त्यांची पद्धत दोन टप्प्यांची : आधी सातव्या शतकातल्या अरबस्तानात जाऊन ती आज्ञा कोणत्या अडचणीवर आली ते पाहा, त्यातलं तत्त्व काढा, मग ते घेऊन आजच्या परिस्थितीत या. 1982 चं पुस्तक, पानं थोडी पण जड. तत्त्व कोणतं हे ठरवणार कोण, या प्रश्नावर ते मला अपुरे वाटतात. तरीही गेल्या शतकातल्या कुराणविचारात त्यांच्याइतका धाडसी आणि श्रद्धाळू माणूस मला दुसरा दिसत नाही.

कुराणाच्या ऐतिहासिक अभ्यासासाठी निकोलाय सिनाई (2017). बर्मिंगहॅमची दोन चर्मपत्रं आठवत असतील, 2015 मध्ये बातम्या झाल्या होत्या. कार्बन चाचणीने त्या कातड्याचा काळ 568 ते 645 असा आला. अशा पुराव्यांचं वजन किती धरायचं ते सिनाई नीट समजावतात.

माणदेशी

मराठीत विनोबांचं 'कुराण-सार' आणि साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' आहे. दोन्ही जिव्हाळ्याने लिहिलेली, पण ती संशोधन म्हणून वाचू नका, ओळख म्हणून वाचा. हदीसच्या आधुनिक चिकित्सेवर मराठीत सलग पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. कोणीतरी लिहायला हवं. इथल्याच दोघांनी मिळून मालिका सुरू केली तर मी टंकून देतो. असगर अली इंजिनिअर यांचंही पाहा; मुंबई महापालिकेत अभियंता होते आणि आयुष्यभर याच विषयावर सोप्या इंग्रजीत लिहीत राहिले.

वाचनकट्टा

ठरलं. पुढच्या बैठकीला ताऊस यांची हदीस, सोबत ब्राउन यांचं पहिलं प्रकरण आणि दगडू पठाण निकाल. त्यानंतर मर्निसी, खाडीकाठचा भाऊंच्या आक्षेपासह.

खाडीकाठचा

उत्तम. एक व्यवहाराची सूचना : हदीस शोधताना नुसत्या क्रमांकावर जाऊ नका. एका आवृत्तीत ही हदीस 1472 वर आहे, इंग्रजी अनुवादाच्या जुन्या आवृत्तीत क्रमांक वेगळा आहे, आणि अॅपमध्ये कोणता धरलाय ते लिहिलेलं नसतं. ग्रंथाचं नाव, किताबुत्तलाक (तलाकचा विभाग) आणि त्यातला बाब (प्रकरण) टिपून घ्या. बाबखाली त्याच हदीसचे तीन पाठ लागोपाठ आहेत. तिन्ही शेजारी ठेवून वाचा, एकात अबुस्सहबा नावाचा माणूस इब्न अब्बासांना प्रश्न विचारतो, दुसऱ्यात तो नाहीच. बैठकीची सुरुवात तिथूनच करा. अडलात तर इथे विचारा, अरबी मजकूर मी वाचून सांगेन.