५०-० चं काय लोणचं घालायचंय?

दांडियाबाजारकर
काल इथे कुणीतरी टाकलं, "बॉक्सर फ्लॉइड मेवेदर ५०-०, म्हणजे पन्नास जिंकल्या, एकही हार नाही, मुहम्मद अली पाच वेळा हरलाय, म्हणजे सगळ्यात महान कोण ते ठरलं, विषय संपला." कसला संपला, माझा तर आत्ता सुरू झालाय. पन्नासावी लढत कोणाशी होती ते बघा आधी. ऑगस्ट २०१७, कॉनर मॅकग्रेगर, ज्याची प्रोफेशनल बॉक्सिंगमधली ती पहिलीच लढत! एमएमएवाला (लाथा, कुस्ती, ठोसे सगळं चालणाऱ्या मिश्र लढतींचा खेळाडू) पकडून आणायचा, दहाव्या राउंडला संपवायचा आणि जुना हेवीवेट चॅम्पियन मार्सियानोच्या ४९-० च्या वर आपलं नाव लावायचं. आणि फिलिपिन्सचा बॉक्सर पॅकियाओ? २००९ पासून अख्खं जग ओरडत होतं की हे दोघं लढू देत, झाली कधी, तर २ मे २०१५ ला, तोवर मार्केझने २०१२ मध्ये पॅकियाओला तोंडावर पाडून झोपवलेला, म्हणजे समोरचा उतरणीला लागेपर्यंत हा थांबला. अली हेवीवेट चॅम्पियन जो फ्रेझरशी हरला तो साडेतीन वर्षं रिंगबाहेर काढून, परत आल्यावर पाच महिन्यांत. मग त्याच फ्रेझरला दोनदा हरवला. मला ती हार मेवेदरच्या दहा जिंकण्यांपेक्षा मोठी वाटते, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

रावपुरा_राउंडवन
ते मीच टाकलं होतं, "कुणीतरी" काय म्हणता, नाव घ्या की. दादा, तुम्ही सोयीच्या लढती तेवढ्या वेचून आणल्या. २००१ चा कोरालेस का नाही आणला? तोही तेव्हा हरलेला नव्हता, पाच वेळा पाडला त्याला. २०१३ चा कॅनेलो? तेवीस वर्षांचा, एकही हार नाही, आणि मेवेदर छत्तीसचा, बारा राउंड त्या पोराला सापडलाच नाही. समोरचा म्हातारा होईपर्यंत थांबतो म्हणे! त्याचा बचाव बघा, डावा खांदा वर, डावा हात पोटावर आडवा, उजवा ग्लोव्ह गालाला, समोरच्याचा राइट (उजवा ठोसा) खांद्यावर घसरला की त्याच क्षणी याचा राइट त्याच्या तोंडावर. हे रिंगणात करून दाखवा मग बोला. मी शाळेत असताना दोन वर्षं बॉक्सिंग केलंय, सर म्हणायचे मार खाण्यात कसली मर्दानगी रे, मार चुकव.

बाजवाड्याची सून
मार चुकवण्यात हुशार आहेच, देण्यातही आहे. २०१२ मध्ये दोन महिने तुरुंगात होता तो कशासाठी? स्वतःच्या मुलांच्या आईला मारलं म्हणून. तिथेही अजिंक्यच म्हणायचा का? माझा नवरा ३ मे ला रविवारी सकाळी पाच मित्र गोळा करून ती पॅकियाओची लढत बघत बसला होता, सेव उसळ माझ्याकडून मागवून घेतली, आणि शेवटी सगळे म्हणाले बोअर झालं.

रावपुरा_राउंडवन
ताई, ते चूकच, कोण नाही म्हणतंय, पण प्रश्न रिंगमधला आहे.

बाजवाड्याची सून
"महान" तुम्हीच लिहिलंत, मी नाही.

कोठीवरचे काका
तुम्ही सगळे परदेशी नावं घेऊन भांडताय. अजिंक्य म्हणजे गामा पहिलवान! आपल्या बडोद्याच्या सयाजीबागेच्या म्युझियममध्ये १,२०० किलोचा दगड ठेवलाय, २३ डिसेंबर १९०२ ला गामाने उचललेला, कोरलंय त्यावर. उचला म्हणावं तुमच्या मेवेदरला.

मदनझांपा_इंजिनीअर
काका, राग मानू नका, पण डेडलिफ्टचा (जमिनीवरून वजन उचलण्याचा) २०२० मधला विक्रम ५०१ किलो होता, तोही हातात धरायला लोखंडी दांडा असताना. गामाने दगडाला मिठी मारून दुपटीच्या वर उचलला?

कोठीवरचे काका
आमचे पणजोबा सरकारी पागेत होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. छातीपर्यंत घेतला आणि पावलं टाकली. तुम्ही फोनवर आकडे बघणारे, तुम्हाला खुराक काय, जोर-बैठका काय, कशाचा पत्ता आहे? जुम्मादादांच्या आखाड्याची माती कधी पायाला लागली का?

मदनझांपा_इंजिनीअर
पणजोबा काटा घेऊन गेले होते का?

कोठीवरचे काका
जीभ सांभाळून. माझ्या घरच्यांना खोटं पाडायला तू कोण?

दांडियाबाजारकर
अरे हळू. मी जरा हिशोब केला. दगड अडीच फूट उंच, लांबी-रुंदीही तेवढीच धरली तर ०.४४ घनमीटर. असला दगड घनमीटरला २,६०० ते २,७०० किलो भरतो, म्हणजे १,२०० च्या आसपास येतोच. वजन खरं असू शकतं, प्रश्न "उचलला"चा आहे. जमिनीवरून सुटला, एक कड वर झाली की नुसता हलला?

मदनझांपा_इंजिनीअर
बरं, वजन मान्य. काका, पणजोबांनी कड तरी नक्की पाहिली असेल.

कोठीवरचे काका
तुझी मान्यता ठेव तुझ्या खिशात.

दांडियाबाजारकर
गामावरून माझाच मुद्दा पुढे सरकतो. १९१० ला लंडनमध्ये पोलंडचा पहिलवान झ्बिस्को गामासमोर अडीच तासांच्या वर मॅटवर पालथा पडून राहिला, चीत होऊ नये म्हणून. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने परत ठरली, तर पठ्ठ्या आलाच नाही. १९२८ ला पतियाळ्यात पन्नाशीला टेकलेल्या गामाने त्याला एका मिनिटाच्या आत पाडला. हरायचं नाही एवढंच ठरवून उतरलेला माणूस असा दिसतो. मेवेदर म्हणजे बॉक्सिंगमधला झ्बिस्को.

रावपुरा_राउंडवन
काहीही! झ्बिस्को पडून राहिला, मेवेदरने पॅकियाओला ठोसे मारून पॉइंट घेतले, ११८-११०, ११६-११२, ११६-११२, तिन्ही जजेस आंधळे का? २०१० ची मोझलीची लढत बघितली तरी आहे का तुम्ही? दुसऱ्या राउंडला मोझलीचा राइट बसला, मेवेदरचे गुडघे वाकले, मोझलीचा हात धरून उभा राहिला बिचारा. पळपुटा असता तर उरलेले दहा राउंड मागे मागे सरकला असता. हा पुढे सरकला आणि मोझलीलाच मागे रेटत नेला. तुमच्यासारखे लोक फक्त नॉकआउटच्या क्लिप बघून मतं बनवतात.

दांडियाबाजारकर
"तुमच्यासारखे लोक" म्हणजे कोण? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून बघतोय मी हे. २००२ ची मेवेदर-कॅस्टिलोची पहिली लढत बघ परत, आवाज बंद करून, आणि सांग कोण जिंकलं.

रावपुरा_राउंडवन
बघितलीये. कॅस्टिलो जिंकला असं मलाही वाटतं, खूश? पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परत त्याच्याशीच लढला आणि जिंकला, हे का गिळलंत? अलीने फ्रेझरला परत हरवलं की थोर, याने केलं की काही नाही?

दांडियाबाजारकर
मग तुझ्याच मताने ४९-१ झाले ना.

रावपुरा_राउंडवन
झाले, घ्या. पण मोझलीच्या लढतीचं अजून काही बोलला नाहीत तुम्ही.

दांडियाबाजारकर
मोझली अडतीसचा होता तेव्हा.

बाजवाड्याची सून
झालं, आता वयाचे दाखले काढा.