जादूला नियम हवेत का? सध्या कोणती फॅन्टसी वाचताय?

परभणीकर

सध्या ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' (२००६) वाचायलोय. पहिला भाग संपत आलाय. ज्या मुद्द्यावरून मित्रांशी सारखा वाद होतो तोच इथं मांडतो: फॅन्टसीतल्या जादूला नियम हवेतच. नियम नसले की लेखकाला वाटेल तेव्हा नायकाला वाचवता येतं आणि वाचणारा फसतो.

या कादंबरीत आकाशातून राख पडत असते, रात्री धुकं उतरतं, आणि काही माणसं धातूची पूड गिळून ती पोटात 'जाळतात'. लोखंड जाळलं की आसपासचा धातू ओढता येतो, पोलाद जाळलं की ढकलता येतो. कथिलानं नजर आणि कान तीक्ष्ण होतात. जस्तानं समोरच्याच्या भावना भडकवायच्या, पितळेनं त्या निववायच्या. खरी मजा वजनात आहे. नाणं हवेत असेल आणि तुम्ही ते ढकललं, तर नाणं गोळीसारखं सुटतं. तेच नाणं जमिनीला टेकलेलं असेल तर त्याला जायला जागा नाही, मग तुम्हीच वर फेकले जाता. विन नावाची चोरांच्या टोळीत वाढलेली पोरगी हे शिकते तो भाग मी लगेच पुन्हा वाचून काढला. त्यानंतर ती कुठंही अडकली की मी तिच्याबरोबर हिशोब करायला लागतो. हातात नाणी किती, भिंतीत लोखंड कुठं, समोरच्याचं वजन तिच्याहून जास्त की कमी?

सँडरसनचं म्हणणंच असं आहे की जादूनं पेच सोडवायचा असेल तर ती जादू वाचकाला आधी नीट कळलेली पाहिजे. मला हे पूर्ण पटतं. याच्या उलट टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला जादूगार गॅन्डाल्फ बघा. त्याला नेमकं काय येतं आणि काय येत नाही, हे तीन खंड वाचूनही सांगता येत नाही. पुस्तक थोर आहे, वादच नाही. पण ती जागा मला कच्ची वाटते.

तुम्ही काय वाचताय, आणि तुमचं काय मत?

अंबाजोगाईची वाचक

तुम्ही वर्णन केलंत ते वाचायला मजा येईल, पण त्याला मी जादू म्हणणार नाही. जमिनीला टेकलेलं नाणं ढकललं की आपण वर जातो, हे आम्ही न्यूटनचा तिसरा नियम म्हणून वर्गात शिकवतो. सगळं मोजता यायला लागलं की जादू उरते कुठं?

आणि गॅन्डाल्फबद्दल तर मी भांडणार. त्याची ताकद धूसर ठेवली आहे, म्हणूनच टॉल्किननं निर्णायक काम त्याच्याकडं दिलेलं नाही. जिच्याभोवती सगळी गोष्ट फिरते ती जादूची अंगठी समोर धरली तर तो घ्यायलाही तयार होत नाही. ती एका हॉबिटाला, म्हणजे बुटक्या साध्यासुध्या जिवाला, पायी चालत, उपाशीतापाशी न्यावी लागते. म्हणजे लेखकानं जादूनं पेच सोडवलाच नाही. मग फसवणूक कुठं झाली?

मी सध्या उर्सुला ली ग्विनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) वाचतेय. गेड नावाचा पोरगा ओगियन नावाच्या मोठ्या जादूगाराकडं शिकायला जातो. वाटेत पाऊस लागतो. गेडला वाटतं, एवढा सिद्ध पुरुष, आता ढगाला हाकलेल. त्याच्या गावाकडचे लहानसहान मांत्रिकसुद्धा ते करत. ओगियन काहीही करत नाही. एका दाट झाडाखाली जाऊन पडून राहतो आणि पाऊस पडू देतो. गेड भिजत, मनातल्या मनात चरफडत बसतो. मला त्या एका पानात अख्खी कादंबरी दिसली. पुढं जादूगारांच्या शाळेत त्याला बजावलं जातं की रोक बेटावर पाडलेला पाऊस म्हणजे ओस्किल बेटावरचा दुष्काळ असू शकतो. इथं कोष्टक नाही, अमुक धातू तमुक ताकद असं नाही. जबाबदारी मात्र आहे, आणि ती कुठल्याही कोष्टकापेक्षा भारी आहे.

पैठणकर

ताई, रोकवरचा पाऊस आणि ओस्किलचा दुष्काळ आम्हाला कुणी वेगळा समजावून सांगायला नको. वर नाशिक-नगरची धरणं भरलेली आणि खाली जायकवाडी रिकामं, हे आम्ही नाथसागराच्या काठावर राहून बघतो. समन्यायी पाणीवाटप २००५ च्या कायद्यात आलं, तरी पावसाची तूट पडली की वाद उभा राहतोच.

मूळ मुद्द्यावर येतो. तुम्ही दोघं जणू हा वाद परदेशातून आलाय असं बोलताय. मी सध्या 'कथासरित्सागर' वाचतोय, सावकाश. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यमतीसाठी रचलेला हा ग्रंथ, पण त्याचं मूळ म्हणजे गुणाढ्याची 'बृहत्कथा', आणि गुणाढ्य आमचा, प्रतिष्ठानचा म्हणजे पैठणचा, सातवाहनाच्या दरबारातला. त्याची स्वतःची कथाच केवढी अद्भुत आहे! पैज हरल्यावर संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही भाषा सोडतो, रानात राहून पैशाची नावाच्या भाषेत सात लाख श्लोक स्वतःच्या रक्तानं लिहितो. राजा ते झिडकारतो. मग हा अग्निकुंड पेटवून एकेक पान वाचतो आणि जाळतो, आणि रानातली जनावरं चरायचं सोडून भोवती ऐकत उभी राहतात. जनावरं रोडावली, राजाच्या ताटात वाळकं मांस यायला लागलं, तेव्हा कुठं चौकशी झाली. राजा धावत येतो तोवर सहा लाख जळून गेलेले असतात.

आता परभणीकर, तुमच्यासाठी. वेताळाच्या गोष्टी याच ग्रंथात आहेत आणि त्यातला राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचाच. वेताळाची अट काय? उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. अशा कात्रीत धरलेला राजा प्रेत खांद्यावर घेऊन पुन्हापुन्हा स्मशानात खेपा घालतो. दोन वाक्यांचा नियम, आणि त्याच्यावर जवळपास पंचवीस गोष्टी उभ्या राहिल्या. नियमाची जादू आपल्याकडं हजार वर्षांपूर्वी ग्रंथात होती.

परभणीकर

पैठणकर, तुम्ही तर माझ्याच बाजूनं बोललात. वेताळाची अट पहिल्याच गोष्टीत कळते, म्हणून प्रत्येक गोष्टीच्या शेवटी जीव टांगणीला लागतो. अट मधेच बदलली असती तर कुणी ऐकलं असतं का?

अंबाजोगाईची वाचक

नाही, ते तुमच्या बाजूचं नाही. वेताळाची अट ही अट आहे, यंत्रणा नव्हे. डोक्याची शकलं कशी होतात, कुठल्या शक्तीनं होतात, हे सोमदेव सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. शाप, वर, प्रतिज्ञा यांचं बंधन माणसाच्या सत्याशी असतं. पोलाद जाळायला सत्यवचनी असावं लागत नाही. तुमच्या कादंबरीत दुष्टानं नाणं ढकललं तरी ते तितकंच लांब जातं ना? मला फरक नेमका तिथं दिसतो.

शहागंजवाला

भाईसाब, तुमच्या दोघांच्याही तराजूत न बसणारी चीज सांगतो. आमच्या आजोबांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. त्यांच्या तोंडून 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही उर्दू दास्तान, म्हणजे लांबलचक अद्भुत कथा, ऐकत मोठा झालो, आता मुळातून वाचतोय. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं १८८३ पासून त्याचे जाडजूड खंड काढले. त्यात अमर नावाच्या अय्याराची, म्हणजे वेषांतरात पटाईत ठगाची, झंबील आहे, म्हणजे झोळी. तिच्यात काय मावतं? सगळं. माणसं, खजिने, शहरं, मुलुख. कशी मावतात हे कुणी विचारत नाही. विचारलं तर दास्तान थांबेल, आणि ऐकणाऱ्याला ती थांबायला नको असते. पानामागं पान नवी जादूगारीण, नवा हिकमती डाव, नवी वेषांतरं. भरपूर असणं हाच त्याचा गुण. मोजूनमापून दिलेली जादू मला हात आखडता घेतल्यासारखी वाटते.

हां, एक गोष्ट परभणीकरांच्या कामाची. प्रत्येक तिलिस्म, म्हणजे जादूचा मायावी मुलुख, कुणीतरी बांधलेला असतो, त्याची उम्र ठरलेली असते, आणि तो तोडणाऱ्याच्या हाती लौह नावाची पाटी लागते. तिच्यावर पुढचं पाऊल कसं टाकायचं ते उमटतं. म्हणजे तोडायचे नियम आहेत, पण ते पाटीला ठाऊक असतात, वाचणाऱ्याला नाही. आणि तरीही पान उलटल्याशिवाय राहवत नाही.

जालनेकर

सगळ्यांचं वाचलं. माफ करा, पण मला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटतो. आपल्या भागात लिहिण्या-वाचण्यासारखं जगणं कमी आहे का? रा. रं. बोराडेंची 'पाचोळा' (१९७१) घ्या. एका शिंप्याचं घर गावात कसं उद्ध्वस्त होतं, ते त्याच्या बायकोच्या तोंडून, आपल्या बोलीत. धातू गिळून उडणाऱ्या पोरीपेक्षा ती बाई मला कितीतरी जवळची आहे. चौदा-चौदा खंडांच्या मालिका वाचायच्या, त्यातल्या काही लेखक पुऱ्याही करत नाहीत. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ ला आला, सहाव्याची अजून वाट बघायलेत लोक. एवढ्या वेळात आपल्या मातीतलं किती वाचून होईल!

औशाची लेक

जालनेकर दादा, 'पाचोळा' माझंही आवडतं पुस्तक आहे. पण जवळचं काय आणि लांबचं काय, हे इतकं सोपं नाही.

मी सध्या एन. के. जेमिसिन यांची 'द फिफ्थ सीझन' (२०१५) वाचतेय. या मालिकेच्या तिन्ही भागांना २०१६ ते २०१८ अशी लागोपाठ ह्यूगो ही विज्ञानकथा-फॅन्टसीची मानाची पारितोषिकं मिळाली. तिचं जग असं की जमीन सतत हादरते. शेकडो वर्षांनी एकदा असा उत्पात होतो की ऋतूच मोडतात. म्हणून प्रत्येक वस्तीत धान्याची कोठारं राखलेली, आणि घराघरात उचलून पळता येईल अशी भरलेली पिशवी तयार. त्या पिशवीपाशी मी थांबले. माझं आजोळ किल्लारीच्या बाजूला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. जाड दगडाच्या भिंती, नुसत्या मातीत रचलेल्या, वर माळवदाचा भार. ती घरं उन्हाळ्यात थंड राहायची, आणि त्या पहाटे त्यांनीच माणसं गाडली. जवळपास दहा हजार गेली. आमच्या मामी पत्र्याच्या शेडमधून पक्क्या घरात आल्या, तरी उशाशी बॅटरी आणि कागदांची पिशवी ठेवून झोपायच्या. अमेरिकेतल्या एका बाईनं कल्पनेतल्या खंडावर लिहिलेलं ते पान आमच्या मामीचं आहे. भूकंपावरचं माहितीपर लेखन मी बरंच वाचलंय. त्यातल्या कशानंही ही पिशवी मला अशी दाखवली नव्हती.

आता नियमांबद्दल. या कादंबरीत काही माणसांना भूकंप थोपवता येतो किंवा घडवता येतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा ते भोवतालच्या उष्णतेतून ओढतात, म्हणून त्यांच्याभोवती गोल पट्ट्यात जे जिवंत असेल ते गोठून मरतं. नियम म्हणून एवढाच, परभणीकरांना आवडेल असा स्पष्ट. पण लेखिका तिथं थांबत नाही. ज्यांच्यामुळं सगळे जगतात त्याच माणसांना लोक शिव्या घालतात, लेकरू तसं निघालं तर बापच त्याला मारतो, आणि राज्यसत्ता त्यांना ताब्यात ठेवून वापरते. (पुढचं वाक्य, ज्यांना वाचायचंय त्यांनी गाळा.) रस्त्याकडेच्या एका ठाण्यात भूकंप दाबत ठेवणारं एक लेकरू खुर्चीला जखडलेलं सापडतं, तिथं मला पुस्तक मिटावं लागलं.

ताई, तुम्ही म्हणालात की सगळं मोजता आलं की जादू उरत नाही. मला उलट वाटतं. हे मोजता येतं म्हणूनच सत्तेला ते वापरता येतं, आणि म्हणूनच ही गोष्ट इतकी खरी वाटते. ओगियन पाऊस पडू देतो, कारण त्याला तसं करायची मोकळीक आहे. या लेकरांना ती नाही.

अंबाजोगाईची वाचक

औशाची लेक, हे पुस्तक मी मागवते. तुमचा मुद्दा मोठा आहे आणि त्यावर माझ्याकडं चटकन उत्तर नाही. तरी एक म्हणेन: तुम्ही पुस्तक मिटवलंत ते उष्णतेच्या नियमामुळं नव्हे, त्या लेकरामुळं. नियम नुसता वाटेवर होता.

परभणीकर, तुम्हाला मात्र एक विचारायचंय. माझ्या भाच्यानं 'मिस्टबॉर्न' वाचलीय. तो सांगतो की पहिल्या भागाच्या शेवटच्या झुंजीत विनचे धातू कमी पडतात तेव्हा धुकंच तिच्या मदतीला येतं, आणि असं होऊ शकतं हे वाचकाला आधी कुणी सांगितलेलं नसतं. खरं असेल तर ते तुमच्या व्याख्येनं काय ठरतं?

परभणीकर

ताई, शेवट सांगितलात! असू द्या, रात्री तिथवर पोचलो आणि संपवलं.

खरं आहे, धुकं मदतीला येतं. पण राजाचं मर्म कुठं आहे हे तिनं नियमानंच ओळखलेलं असतं. हजार वर्षं न मरणाऱ्या राजाचं रहस्य म्हणजे दोन वेगवेगळ्या विद्या एकाच माणसात एकत्र आल्या तर काय होईल, हे आहे. त्या दोन्ही विद्या लेखकानं आधी स्वतंत्रपणे दाखवलेल्या आहेत. मला ते जुळवता आलं नाही, पण जुळवता आलं असतं. धुक्याचं उत्तर तिसऱ्या भागात आहे असं वाचलेले मित्र सांगतात. तिथं ते नीट बसलं नाही तर याच जागी येऊन लिहीन की ही जागा कच्ची आहे. तोवर माझं मत तेच.

पैठणकर

तिसरा भाग होईपर्यंत 'अर्थसी' पण वाचा. पानं कमी आहेत. आणि शहागंजवाले, त्या तिलिस्मचा पहिला खंड देवनागरीत कुठं मिळत असेल तर सांगा, उर्दू लिपी मला येत नाही.